चामखीळ : तिची ओळख, उपचार आणि घ्यावयाची काळजी

बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जेथे एकमेकांस मिळतात, तेथे बीड जिल्ह्यातील तेलगाव हे गाव वसलेले आहे. गावालगत सहकारी साखर कारखाना आहे आणि आसपास बागायती उसाचे फड आहेत. परंतु या भागाची खरी ओळख उसापेक्षा ऊस तोडणाऱ्या हातांमुळे आहे. पावसाळा सरला की धारूर, वडवणी, माजलगाव, केज या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे कोयते घेऊन घराबाहेर पडतात. त्यांतील काही जवळच्या फडांत राहतात. पुष्कळशी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल पाच-सहा महिन्यांच्या श्रमांतून फेडावयाची असते. अशा घरात ज्याच्या उजव्या हाताचा अंगठा अथवा तळपाय दुखावतो, त्याचा हंगाम बुडतो. उचल मात्र तशीच उभी राहते.

चामखीळ हा विकार या दृष्टीने पाहिला पाहिजे. एरव्ही तो क्षुल्लक. त्याने ताप येत नाही, भूक मंदावत नाही, माणूस अंथरुणास खिळत नाही. म्हणूनच एक तर त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते, नाही तर एखाद्या दिवशी चिडून त्यावर काही तरी जालीम उपाय केला जातो. अनुभव असा आहे की, चामखिळीने होणारे नुकसान थोडे आणि ती घालविण्याच्या घाईने होणारे नुकसान फार. कोयत्याची मूठ धरताना टोचणारी मुगाएवढी गाठ सोसण्यासारखी असते. तीच गाठ चुना आणि सोडा लावून जाळली म्हणजे बोटावर जी जखम होते, ती मात्र सोसण्यासारखी नसते.

चामखीळ म्हणजे काय

चामखीळ हा एका विषाणूचा संसर्ग आहे. पूर्वी ती रक्तातील दोषाने, उष्णतेने किंवा एखाद्या पापामुळे येते, अशा निरनिराळ्या समजुती होत्या. इटलीतील चुफो या वैद्याने १९०७ साली चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात कोणताही जिवाणू उरणे शक्य नव्हते; आणि तो अर्क स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. काही महिन्यांनी त्या जागी चामखीळ उगवली. जिवाणूपेक्षाही सूक्ष्म असे काही तरी या रोगाच्या मुळाशी आहे, हे त्यावरून दिसून आले. आज हा विषाणू ‘ह्यूमन पॅपिलोमा’ या नावाने ओळखला जातो व त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत झाले आहेत.

हा विषाणू त्वचेच्या अगदी वरच्या थरात राहतो. झाडाच्या सालीला एखादी बारीक चीर पडावी आणि तेथून रोग आत शिरावा, त्याप्रमाणे ओरखडा, भेग किंवा भिजून मऊ पडलेली जागा सापडली की तो आत शिरतो आणि तेथील पेशींना वाजवीपेक्षा जलद वाढावयास लावतो. या वाढलेल्या पेशी एकावर एक साचून कठीण, खडबडीत असा उंचवटा तयार होतो. तीच चामखीळ. विषाणू रक्तात उतरत नाही व शरीरभर फिरत नाही. चामखिळीला ‘मूळ’ असते आणि ते उपटले पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. चामखीळ तासली असता आत जे काळे ठिपके दिसतात ती मुळे नव्हेत. त्या भागातील अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेले ते रक्त असते. मूळ शोधण्यासाठी खोल खणत गेल्यास हाती लागते ते केवळ निरोगी मांस.

हाताच्या बोटांवर, नखांच्या कडेला व गुडघ्यावर येणारी चामखीळ खडबडीत व फुलकोबीच्या गड्ड्यासारखी दिसते. तळपायाची चामखीळ अंगाच्या भाराने आत दाबली जाते, त्यामुळे ती वर न येता सपाट राहते आणि चालताना खडा रुतल्यासारखी खुपते. तिसरा प्रकार मुलांच्या व तरुणांच्या चेहऱ्यावर आढळतो. त्यात लहान, सपाट, त्वचेच्याच रंगाचे उंचवटे पुष्कळ संख्येने येतात. दाढीच्या जागी ते असल्यास वस्तऱ्याच्या ओढीबरोबर ओळीने पसरतात. म्हणून अशा माणसाने काही काळ दाढी न करणे अथवा ती केवळ कात्रीने बारीक करणे बरे. केशकर्तनालयात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरले जाते की नाही, याकडेही लक्ष असावे. जे लोक सतत ओले मांस हाताळतात त्यांच्या हातांवर चामखिळी विशेष प्रमाणात येतात व त्यांत विषाणूचा एक निराळाच प्रकार सापडतो. यावरून ओलाव्याचे आणि बारीक जखमांचे महत्त्व लक्षात येईल.

ती येते कशी आणि जाते कशी

शेतकरी व मजूर यांच्या अंगावर ओलावा व जखम या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. ती हातावर शेकडो बारीक ओरखडे पाडते. पहाटेच्या दवात तोडणी सुरू होते, तेव्हा हात भिजलेले असतात. उसाला पाणी देणारा माणूस तासन्‌तास चिखलात अनवाणी उभा राहतो. संध्याकाळी कोपीवर परतल्यावर अनेकजण एकाच ठिकाणी स्नान करतात व एकाच दगडाने टाचा घासतात. ज्याच्या तळपायावर चामखीळ आहे त्याने घासलेल्या दगडावर विषाणूने भरलेले त्वचेचे कण राहतात आणि पुढच्या माणसाच्या भेगाळलेल्या टाचेत ते सहज जातात. वज्री, टॉवेल, चपला, नखे कापण्याचे पाते यांच्याबाबतही असेच घडते. संसर्ग झाल्यानंतर चामखीळ दिसू लागण्यास काही आठवडे ते अनेक महिने लागतात. त्यामुळे ती नेमकी कोठून आली हे सहसा सांगता येत नाही आणि शेजाऱ्याला दोष देण्यातही अर्थ नसतो.

एकाच माणसाच्या अंगावरही ती पसरते. नखे कुरतडणाऱ्या मुलाच्या सर्व बोटांवर व मग ओठांवर चामखिळी उठतात. खाजवल्यास ओरखड्याच्या रेषेत नव्या उगवतात.

आता दुसरी बाजू. शरीराच्या प्रतिकारशक्तीला या विषाणूचा पत्ता लागण्यास वेळ लागतो, कारण तो रक्तापासून दूर, वरच्या थरात लपलेला असतो. परंतु एकदा पत्ता लागला की शरीर त्याचा बंदोबस्त करते आणि चामखिळी कोणताही उपचार न करता, पुष्कळदा सर्वच्या सर्व एकदम, झडून जातात. मुलांमध्ये सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांच्या आत अशा आपोआप जातात. मोठ्या माणसांत मात्र त्या अधिक चिवट असतात.

चामखिळीवर इतके नानाविध तोडगे का प्रचलित आहेत, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे. कोणी देवाला मीठ वाहण्याचा नवस बोलतो, कोणी अमावस्येला दोरा बांधतो, कोणी गोड गोळ्या घेतो. चामखीळ मुळात जाणारच असते. ती ज्या महिन्यात गेली त्या महिन्यात जे चालू असेल त्याला श्रेय मिळते. मीठ वाहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही, तेव्हा त्याबद्दल वाद घालण्याचेही कारण नाही. वाद घालावयाचा तो जाळणाऱ्या व कापणाऱ्या उपायांशी.

इतर गाठींपासून भेद

उपचारापूर्वी ओळख पटली पाहिजे. बोलण्यात ‘चामखीळ’ हा एकच शब्द अनेक गोष्टींना लावला जातो. मानेवर, काखेत किंवा पापणीजवळ मऊ, बारीक देठाची, लोंबती अशी जी मसे येतात, ती या विषाणूची चामखीळ नव्हे व ती सहसा संसर्गानेही येत नाहीत. वाढत्या वयात व स्थूल माणसांत ती अधिक दिसतात. ती एकाएकी पुष्कळ येऊ लागली तर रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेह आणि अशी मसे यांची अनेकदा जोडी असते. जन्मापासूनचा अथवा तरुणपणी आलेला काळा तीळ हीही निराळी गोष्ट आहे. त्याला कोणतेही औषध लावू नये.

तळपायाच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. भोवरी ही दाबामुळे जाड झालेली त्वचा असते. अडचणीचा बूट, चपलेचा वर आलेला खिळा किंवा पायाचे वर आलेले हाड हे तिचे कारण. कुरूप हा शब्द खेडोपाडी बाभळीचा किंवा बोरीचा काटा आत मोडून राहिल्याने झालेल्या गाठीलाही वापरतात. या तिन्हींतील भेद पाहण्याची एक सोपी रीत आहे. गाठीवर बोटाने सरळ दाबले असता अधिक दुखते ती बहुधा भोवरी. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबले असता अधिक दुखते ती बहुधा चामखीळ. भोवरीवरून तळपायाच्या रेषा अखंड जातात. चामखिळीच्या कडेला त्या तुटतात. पाय कोमट पाण्यात भिजवून वरची मेलेली त्वचा हलकेच घासली असता काळे ठिपके दिसले तर ती चामखीळ समजावी. काटा राहिलेला असल्यास तो टोचल्याचे बहुधा आठवते. ती जागा लाल होते व पू धरते. असा काटा दवाखान्यातच काढून घ्यावा आणि धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

काही गाठींच्या बाबतीत विलंब करू नये. पायावर किंवा हातावर चामखिळीसारखा खडबडीत चट्टा असून तो महिनोन्‌महिने एका बाजूने पसरत आणि दुसऱ्या बाजूने भरत असेल, तर तो त्वचेचा क्षय असण्याचा संभव असतो. अनवाणी काम करणाऱ्यांत हा प्रकार आढळतो. त्यावर चामखिळीचे औषध वर्षभर लावले तरी गुण येत नाही. क्षयाच्या गोळ्यांनी मात्र तो पूर्ण बरा होतो आणि त्या शासकीय दवाखान्यात विनामूल्य मिळतात. जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेली आणि वाढत जाणारी गाठ, आपोआप रक्त येणारी गाठ, उतारवयात नव्याने आलेली व भरून न येणारी गाठ यांची तपासणी ताबडतोब झाली पाहिजे. अशा गाठीचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निदान होत नाही. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सोय आहे.

जालीम उपायांचा धोका

आठवडी बाजारात व जत्रेत चामखीळ काढून देणारे बसतात. त्यांच्याजवळील पांढरा लेप बहुधा चुना आणि धुण्याचा सोडा यांचा असतो. हे दोन पदार्थ ओले करून एकत्र केले म्हणजे त्यांतून कॉस्टिक सोडा तयार होतो. साबणाच्या कारखान्यात चरबी विरघळविण्यासाठी जो वापरतात तोच हा. तो चामखिळीपाशी थांबत नाही. त्वचेचे सर्व थर भेदून तो खाली स्नायुबंधापर्यंत जाऊ शकतो, आणि लावताना फारसे न दुखल्यामुळे माणूस तो पुसतही नाही. बोटाच्या सांध्यावर असा व्रण भरताना आखडतो व बोट वाकडे राहते. कोयता किंवा खुरपे धरणाऱ्याच्या दृष्टीने हे कायमचे अपंगत्व होय.

बिब्ब्याचे तेल हेही असेच. त्याने फोड येतात, आसपासची त्वचा काळी पडते आणि काही माणसांना तर सर्वांगावर पुरळ उठते. रुईचा, शेराचा व निवडुंगाचा चीक लावण्याची चाल आहे. तो चुकून डोळ्यांत गेल्यास दृष्टीला अपाय होतो, आणि चीक लावलेल्या बोटाने डोळा चोळण्याची चूक लहान मुलांकडून हमखास घडते. बॅटरीतील आम्ल लावणे, उदबत्तीने डागणे, पात्याने कापणे हे प्रकार वर्ज्यच समजावेत. पात्याने कापलेली चामखीळ भळभळून रक्त देते व त्या रक्ताबरोबर विषाणू आसपास पसरून एकीच्या चार होतात. घोड्याच्या केसाने बांधून पाडण्याची रीत देठाच्या मसापुरती जुनी आहे. पण तेथेही गाठ सडून पू होण्याचा व धनुर्वाताचा धोका राहतो.

मधुमेही माणसाने तर पायाच्या कोणत्याही गाठीवर घरी काहीच करू नये. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. जाळणारे औषध लागले तरी त्याला कळत नाही आणि जखम भरत नाही. एका भोवरीपायी बोट आणि बोटापायी पाय काढावा लागल्याची उदाहरणे दवाखान्यांना नवीन नाहीत.

योग्य उपचार

चामखीळ दुखत नसेल, कामात अडथळा करीत नसेल व पसरत नसेल, तर काहीच न करणे हा पूर्णपणे योग्य असा मार्ग आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर तोच प्रथम अनुसरावा. अशा मुलाला शाळेत पाठविण्यास अथवा इतर मुलांत खेळू देण्यास हरकत नाही. चामखीळ चिकटपट्टीने झाकली म्हणजे पुरे.

उपचार करावयाचा तर सर्वांत स्वस्त व खात्रीचे औषध सॅलिसिलिक आम्ल हे होय. औषधांच्या दुकानात ते सुमारे १७ टक्के प्रमाणात, बहुधा लॅक्टिक आम्लासह, चिकट द्रावणाच्या लहान बाटलीत मिळते. हे आम्ल चामखीळ जाळत नाही. ते तिचे कठीण थर मऊ करून एकेक थर सोडविते, आणि त्या सौम्य दाहामुळे शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते. त्याचा गुण औषधात जेवढा आहे तेवढाच ते लावण्याच्या नियमितपणात आहे.

रात्री काम आटोपल्यावर हात किंवा पाय पाच ते दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा. मग चामखिळीवरील पांढरी, मऊ झालेली त्वचा वज्रीने अथवा खरखरीत कागदाने हलकेच घासून काढावी. रक्त येईपर्यंत घासू नये. हा कागद दुसऱ्या कशासाठी वापरू नये व काही दिवसांनी टाकून द्यावा. वज्री त्या माणसाची स्वतंत्र ठेवावी. जागा कोरडी करून सभोवतालच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलिनचे कडे काढावे आणि मधोमध, फक्त चामखिळीवर, काडीने औषधाचा एक थेंब ठेवावा. तो वाळला की वर चिकटपट्टी लावावी. हे द्रावण पेट घेणारे असल्याने कोपीत चुलीजवळ किंवा बिडी ओढताना ते उघडू नये, आणि बाटलीचे बूच घट्ट लावावे, नाही तर औषध आठवड्यात गोठून जाते. जागा लाल होऊन दुखू लागली तर दोन-चार दिवस थांबून पुन्हा सुरुवात करावी.

हा क्रम बारा आठवडे चालवावा लागतो. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पंधरा दिवसांत फरक दिसत नाही म्हणून औषध सोडले जाते आणि माणूस बाजारातल्या लेपाकडे वळतो. ऊसतोडीच्या कुटुंबाने या बाबतीत हंगामाचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे. तोडणीहून परतल्यानंतर, चैत्र-वैशाखात उपचार सुरू केल्यास पावसाळ्याच्या आरंभापर्यंत बारा आठवडे पुरे होतात आणि पुन्हा निघण्याआधी हाताशी काही महिने शिल्लक राहतात. निघण्याच्या आठवड्यात चामखीळ काढण्याची घाई करणे म्हणजे कच्ची जखम घेऊन फडात उतरणे होय.

चेहऱ्यावरील व गुप्तांगावरील चामखीळ, गर्भवती स्त्री, अगदी लहान मूल आणि वर सांगितल्याप्रमाणे मधुमेही माणूस यांच्या बाबतीत हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

बारा आठवड्यांत गुण आला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ते चामखीळ द्रवरूप नत्राने गोठवितात, अथवा जागा बधिर करून विजेच्या सुईने काढतात. द्रवरूप नत्र शेतकऱ्याला परिचित आहे. कृत्रिम रेतनासाठी वळूचे वीर्य ज्या थंडगार भांड्यात साठवितात त्यात तेच असते, आणि त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस असते. डॉक्टर ते काही सेकंदच लावतात. नंतर फोड येतो, तो वाळून पडतो, आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने हीच क्रिया पुन्हा करावी लागते. रेतन केंद्रावरील नत्र मागून घेऊन स्वतः लावण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. काही सेकंद अधिक झाल्यास बोटाची शीर व मज्जातंतू गोठतात.

हट्टी व पुष्कळ चामखिळींसाठी अलीकडे निराळीच युक्ती वापरली जाते. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस किंवा तत्सम द्रव्य एका चामखिळीत टोचतात. कधी रोग्याच्याच चामखिळीचा कण त्याच्या हाताच्या त्वचेखाली ठेवतात. हेतू असा की, वरच्या थरात लपलेला शत्रू प्रतिकारशक्तीच्या नजरेस आणून द्यावा. तो साधला तर दूरच्या चामखिळीही झडतात. मात्र प्रत्येक रोग्याला त्याने गुण येतोच असे नाही. कोणत्याही उपायानंतर चामखीळ पुन्हा उद्भवू शकते; तो उपचार करणाऱ्याचा दोष नव्हे. पुष्कळ चामखिळी एकाएकी सर्वत्र पसरू लागल्या, तर प्रतिकारशक्ती उणावण्याचे काही कारण आहे काय, हे तपासून घ्यावे.

कर्करोगाची भीती

या विषाणूच्या नावाने एक भीती पसरते, तिचा विचार येथे करणे अगत्याचे आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग याच विषाणुकुलातील काही प्रकारांमुळे, मुख्यतः १६ व १८ क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हातापायांच्या चामखिळी मात्र १, २, ४, २७, ५७ अशा अन्य प्रकारांमुळे होतात. एका शिवेवर शेत असले म्हणून दोघांचे पीक एक होत नाही, त्याप्रमाणे कुळ एक असले तरी या प्रकारांचे कार्य वेगळे आहे. हातावर चामखीळ असलेल्या स्त्रीला त्यामुळे गर्भाशयाचा कर्करोग होत नाही, आणि चामखीळ आहे म्हणून गर्भाशय काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ही गोष्ट बीड जिल्ह्यात स्पष्टपणे सांगणे जरूर आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले आणि राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. ‘पुढे कर्करोग होईल’ ही भीती अशा शस्त्रक्रियांना संमती देण्यामागे अनेकदा होती. कोणी असे सांगितल्यास स्त्रीने तपासणीचा कागद मागावा व शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. गर्भाशयमुखाची तपासणी साधी असते व कर्करोगाची पूर्वावस्था त्यात बरीच आधी कळते. मुलींसाठी या कर्करोगाची प्रतिबंधक लस आहे. पुण्यात तयार झालेली भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाली. नऊ ते चौदा वर्षे वयात ती घेतल्यास तिचा लाभ सर्वांत अधिक होतो. हाताच्या चामखिळीवर मात्र या लसीचा उपचार म्हणून वापर करीत नाहीत.

जनावरांच्या चामखिळी

गोठ्यातील कालवडींच्या व गोऱ्ह्यांच्या मानेवर, डोळ्यांभोवती, खांद्यावर आणि दुभत्या गाईच्या सडांवर अशाच गाठी येतात. त्यांचा विषाणू याच कुळातला, पण जनावरांचा. तो माणसाला चामखीळ देत नाही व माणसाचा विषाणू गाईला देत नाही. घोडा मात्र याला अपवाद आहे. गाईच्या विषाणूमुळे त्याच्या त्वचेवर गाठी येतात.

दोन वर्षांच्या आतील जनावरांत या चामखिळी अधिक असतात व काही महिन्यांत बहुधा आपोआप झडतात. एकाच दाव्याने वेगवेगळी जनावरे बांधणे, एकच खरारा सर्वांना फिरविणे, कानात बिल्ला मारण्याचा चिमटा न उकळता वापरणे यांमुळे त्या पसरतात. सडावरील चामखीळ दूध काढताना दुखते. गाय लाथ मारते, सड पुरता रिकामा होत नाही आणि त्यातून कासदाह जडतो. म्हणून अशा गाईचे दूध सर्वांत शेवटी काढावे व हात साबणाने धुवावेत. वाढीला लागलेली चामखीळ कापू नये. फार पसरल्यास पशुवैद्य त्याच जनावराच्या चामखिळीपासून लस तयार करवून घेतात. माणसाच्या बाबतीत वर सांगितलेल्या युक्तीमागील तत्त्व यातही आहे.

दोन रोगांशी गल्लत होऊ देऊ नये. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाने पुष्कळ जनावरे दगावली. त्यात आधी ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते आणि अंगभर टणक, गोल गाठी थोड्याच दिवसांत उठतात. चामखीळ अशी एकदम येत नाही व तिच्याबरोबर ताप नसतो. दुसरा रोग शेळ्यामेंढ्यांचा मावा. त्यात तोंडाभोवती खपल्या धरतात. अशा करडाला हाताने दूध पाजणाऱ्याच्या बोटावर लालसर, फुगीर गाठ उठते. ती चामखीळ समजून जाळू नये. झाकून ठेवल्यास ती चार ते सहा आठवड्यांत बरी होते. ताप व गाठी असलेले जनावर दिसताच ते वेगळे बांधावे आणि १९६२ या विनामूल्य क्रमांकावर अथवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.